सेशन संपले तरी भरलेली पट्टी पुसली जाऊ नये

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एका अडत दुकानासाठी आम्ही हिशोबपट्टीचे वेब ॲप्लिकेशन तयार केले होते. गुळाच्या हंगामात दुकानाचे दिवाणजी सकाळी शेतकऱ्याचे नाव, गाव, रवे (गुळाच्या ढेपा) आणि वजन भरून ठेवत, सौद्याची वेळ झाली की उठून जात आणि पाऊण तासाने परतल्यावर त्याच पट्टीत दर, हमाली व तोलाई भरत. एके दिवशी 38 ओळी पूर्ण करून त्यांनी 'जतन करा' दाबले, तेव्हा समोर लॉगिनचे पान आले आणि पुन्हा लॉगिन केल्यावर पट्टी कोरी होती. बाकावर थांबलेल्या शेतकऱ्याची गावाकडची एसटी त्या दिवशी चुकली. "वही मिटली म्हणून आतलं लिहिलेलं पुसत नाही की ओ. तुमच्यात कसं पुसतं?" असे दिवाणजींनी विचारले. दोष सर्वस्वी आमचा होता आणि त्यानंतर आम्ही जी पद्धत बसवली, ती येथे सांगतो.

सेशनची, म्हणजे एकदा लॉगिन केल्यावर सर्व्हर माणसाला ओळखत राहतो त्या काळाची, मुदत प्रथम स्वतः ठरवावी, कारण आपण ती ठरवली नाही तर ॲप्लिकेशन ज्या तयार सांगाड्यावर बांधलेले असते ते फ्रेमवर्क ठरवते. एएसपी डॉट नेटमध्ये सेशनची मुदत मुळात 20 मिनिटे, टॉमकॅटमध्ये 30 मिनिटे, तर जँगोमध्ये दोन आठवडे असते. पीएचपीमधील 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटे, ही तर नेमकी मुदतही नव्हे. तेवढ्या वेळानंतर सेशनची फाइल काढून टाकण्यास पात्र ठरते, प्रत्यक्षात ती केव्हा निघेल हे निश्चित नसते. म्हणून शेवटच्या हालचालीची वेळ सेशनमध्येच नोंदवावी आणि प्रत्येक विनंतीच्या वेळी सर्व्हरने ती तपासावी. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनात हालचाल नसल्यास जास्त जोखमीच्या ॲप्लिकेशनसाठी 2 ते 5 मिनिटे आणि कमी जोखमीच्या ॲप्लिकेशनसाठी 15 ते 30 मिनिटे असे सर्वसाधारण प्रमाण दिलेले आहे. दिवसभर वापरल्या जाणाऱ्या कार्यालयीन ॲप्लिकेशनसाठी एकूण मर्यादा 4 ते 8 तासांची सुचवली आहे. या दोन्ही मुदती वेगवेगळ्या ठेवाव्यात. नुसती मुदत वाढवून सुटका होईल असे मात्र मानू नये, कारण अडत दुकानाच्या गादीशेजारचा संगणक दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर उघडाच असतो.

आता खरी मेख येते. मोठा फॉर्म भरणारा माणूस अर्धा तास सलग टाइप करत असला, तरी त्या काळात सर्व्हरकडे एकही विनंती जात नाही, त्यामुळे सर्व्हरच्या लेखी तो माणूस जागेवर नसतोच. उलट पडद्यावरचा दरफलक दर मिनिटाला आपोआप ताजा होत असेल, तर माणूस निघून गेला तरी सेशन जिवंत राहते. याला आम्ही एकच उपाय केला: कळफलकावर प्रत्यक्ष काही भरले गेले, की काही सेकंदांनी कच्ची पट्टी सर्व्हरवर जतन करायची आणि तीच विनंती हालचाल म्हणून मोजायची, आपोआप जाणाऱ्या विनंत्यांना वेगळी खूण करून त्या मोजणीतून वगळायच्या. कच्ची पट्टी सेशनमध्ये न ठेवता डेटाबेसमध्ये वापरकर्त्याच्या नावावर ठेवावी, म्हणजे सेशन गेले तरी ती राहते. ब्राउझरच्या लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे त्याच संगणकावरील साठ्यात, ती ठेवण्याचा मोह होतो, पण तेथील मजकूर लॉगआउटनंतरही राहतो आणि सामायिक संगणकावर पुढच्या माणसाच्या हाती लागू शकतो.

मुदत संपण्यापूर्वी सूचना दिलीच पाहिजे. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत वेळमर्यादा सांभाळण्याचे काही मार्ग दिले आहेत. त्यांपैकी एकानुसार वापरकर्त्याला आधी कळवून, एखादी कळ दाबण्याइतक्या सोप्या कृतीने मुदत वाढवण्यासाठी किमान 20 सेकंद द्यावे लागतात आणि ही मुभा किमान दहा वेळा मिळावी लागते. आम्ही दोन मिनिटे देतो. सूचनेचे शब्द असे ठेवले आहेत: "बराच वेळ काही भरलेले नाही. दोन मिनिटांनी लॉगिन बंद होईल. तुमची पट्टी 38 ओळींपर्यंत जतन आहे." यातील शेवटच्या वाक्याने माणसाची धास्ती जाते, म्हणून ते कधीही गाळू नये, मात्र जतन झाल्याचे सर्व्हरचे उत्तर आल्याशिवाय ते दाखवूही नये.

उलटी गणती करताना ब्राउझरच्या टायमरवर विसंबू नये. मागे पडलेल्या टॅबमधील टायमर ब्राउझर मंदावतो आणि लॅपटॉप झोपी गेला की तो थांबतोच. टॅब पुन्हा समोर आल्यावर सर्व्हरला उरलेले सेकंद विचारावेत आणि त्यावरूनच सूचना दाखवावी. हा प्रश्न विचारल्याने मुदत वाढणार नाही, याचीही काळजी घ्यावी. एकाच माणसाने तीन टॅब उघडले असतील, तर एका टॅबमधील 'काम सुरू ठेवा' हे उत्तर ब्रॉडकास्ट चॅनल या ब्राउझरमधील सोयीद्वारे उरलेल्या टॅबना कळवावे.

सेशन संपल्यावर पाठीमागून जाणाऱ्या विनंतीला सर्व्हरने लॉगिनच्या पानाकडे वळवू नये, सरळ 401, म्हणजे 'आधी लॉगिन करा', हे उत्तर द्यावे. वळवल्यास फेच, म्हणजे पाठीमागून विनंती पाठवणारी ब्राउझरची सोय, त्या वळणाने निमूटपणे जाते, लॉगिनचे पान 200 या यशाच्या उत्तरासह हाती येते आणि कोड त्यालाच पट्टीचा डेटा समजून बिघडतो. आमच्याकडे नेमके हेच घडत होते. 401 मिळताच पान न बदलता पट्टीवरच लॉगिनची छोटी चौकट उघडावी, मागची पट्टी तोवर झाकावी आणि लॉगिन झाल्यावर अडलेली विनंती पुन्हा पाठवावी. नव्या सेशनबरोबर सीएसआरएफ टोकन, म्हणजे विनंती आपल्याच पानावरून आल्याची गुप्त खूण, हेही बदलते. जुनेच टोकन पाठवले तर विनंती नाकारली जाते, म्हणून आधी नवे घ्यावे. तसेच प्रत्येक पट्टीला पहिल्या ओळीपासूनच एक कायमचा क्रमांक द्यावा, अन्यथा विनंती दोनदा पोहोचून एकाच मालाच्या दोन पट्ट्या होतील.

पुन्हा लॉगिन करणारा तोच माणूस आहे का, हे सर्व्हरने तपासणे अनिवार्य आहे. शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीत एकाच संगणकावर तीन पाळ्यांची माणसे नोंदी करतात. पहिल्या पाळीच्या ऑपरेटरची अर्धवट नोंद दुसऱ्याच्या नावावर गेली, तर पुढे कास्टिंगमध्ये दोष आल्यावर जाब चुकीच्या माणसाला विचारला जाईल. नाव वेगळे निघाले, तर पान पूर्ण नव्याने उघडावे आणि आधीची कच्ची नोंद तिच्या मालकासाठीच राखून ठेवावी.

चाचणीसाठी मुदत तात्पुरती दोन मिनिटांवर आणि सूचनेची वेळ 30 सेकंदांवर आणावी. पट्टी अर्धी भरून लॅपटॉप मिटावा, चार मिनिटांनी उघडावा, लॉगिन करून उरलेल्या ओळी भराव्यात आणि डेटाबेसमध्ये एकच पट्टी पूर्ण ओळींसह उतरली आहे का, ते मोजून पाहावे. नंतर हाच प्रयोग दोन टॅब उघडून आणि मध्येच इंटरनेट तोडून करावा. खऱ्या मुदतीची चाचणी मात्र सौद्याच्या दिवशी, दिवाणजींच्या शेजारी बसून, ते उठून गेल्यापासून परत येईपर्यंत संगणकाला हात न लावता करावी.