पिल्लं कुठून आणायची? परसातल्या कोंबड्यांचा पहिला निर्णय

अंड्यातून बाहेर पडताना पिल्लू सोबत दोन गोष्टी आणतं. पहिली म्हणजे पोटात ओढून घेतलेल्या बलकाची शिदोरी. तिच्यावर ते दोन ते तीन दिवस दाणापाण्याविना तग धरतं. दुसरी म्हणजे आईकडून आलेलं आरोग्य: काही रोगांविरुद्धची ताकद, आणि आई आजारी असेल तर तिचा आजारसुद्धा. शिदोरी असते म्हणून पिल्लू लांबून आणता येतं, पण आईचा आजार येऊ शकतो म्हणून ते कुठूनही आणून चालत नाही. ज्या कळपाने ती अंडी घातली त्याबद्दल विकणारा किती नेमकं सांगतो, यावर जागा निवडावी. खाण तशी माती ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

घेण्याआधी काय हवंय ते पक्कं करा

फक्त अंडी हवी असतील तर संकरित लेअर, म्हणजे खास अंड्यांसाठी तयार केलेल्या वाणाची पिल्लं घ्यावीत. ती भरपूर अंडी देतात, सहसा खुडूक होत नाहीत (अंडी उबवायला बसत नाहीत) आणि चांगल्या हॅचरीत, म्हणजे यंत्रात अंडी उबवणाऱ्या केंद्रात, मादी पिल्लं वेगळी करून मिळतात. पण त्यांच्या अंड्यांतून पुढची पिढी काढली तर तिच्यात आईबापाचे गुण एकसारखे उतरत नाहीत. घरचीच पिल्लं काढत राहायचं असेल तर शुद्ध जात किंवा स्थानिक कोंबडी घ्या. अंडी कमी मिळतील, पण कोंबडी खुडूक बसेल आणि पिल्लं सांभाळेल. ब्रॉयलरची, म्हणजे मांसाच्या कोंबडीची, पिल्लं परसात फिरवायला घेऊ नयेत. सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जाणारा तो पक्षी मांसासाठीच घडवलेला आहे. पुढे ठेवला की पाय आणि हृदय साथ देत नाहीत.

संख्येचा हिशेब सोपा आहे, तरी बहुतेक जण इथेच चुकतात. सहा कोंबड्या हव्या असतील तर निवडून दिलेली मादी पिल्लं सात-आठ घ्या. नर-मादी न निवडलेली पिल्लं असतील तर निदान पंधरा घ्यावी लागतील, आणि त्यांतल्या सात-आठ नरांचं काय करायचं हे आजच ठरवावं लागेल. दोन-तीन पिल्लं घेण्याच्या फंदात पडू नका. पिल्लं एकमेकांच्या अंगाची ऊब घेतात आणि एकमेकांकडे पाहून दाणा टिपायला शिकतात.

मादी आहे हे कशावरून ठरवलं, तेही विचारा. गुदद्वार तपासून नर-मादी ओळखायची पद्धत जपानमध्ये विकसित झाली आणि आजही तज्ज्ञ माणूस तिने शंभरात नव्वदहून जास्त पिल्लं बरोबर सांगतो. पंखांच्या पिसांवरून ओळखणं फक्त त्यासाठी खास जुळवलेल्या वाणांत चालतं, तेही पहिल्या एक-दोन दिवसांतच. अंगाच्या रंगावरून ओळखणंसुद्धा ठरावीक जातींत आणि संकरांतच खरं ठरतं. साध्या गावठी पिल्लाचा पंख ताणून कोणी छातीठोकपणे ‘ही मादीच’ म्हणत असेल तर त्यावर पैसे लावू नका.

कोणाकडून घ्यायची

स्वतःचा ब्रीडर कळप, म्हणजे उबवायची अंडी देणाऱ्या कोंबड्या-कोंबड्यांचा कळप, असलेली हॅचरी ही नवख्यासाठी सगळ्यात भरवशाची जागा. लसीकरण जागेवरच होतं, जन्माची तारीख नक्की असते, नर-मादी वेगळी मिळतात. अडचण एकच, पुष्कळ हॅचऱ्या शंभराच्या खोक्याखाली माल देत नाहीत. अशा वेळी दोन-तीन घरांनी मिळून एक खोका घेतला तर सगळ्यांचं भागतं. मात्र सगळ्यांनी पिल्लं एकाच दिवशी उचलावीत. एकाच्या घरी आठवडाभर ठेवून मग वाटायची म्हटलं की पिल्लांना नव्याने ताण बसतो. हॅचरी मोठी आहे की छोटी, यापेक्षा ती उबवायची अंडी स्वतःच्या कळपातून घेते की चार ठिकाणांहून गोळा करते, हे महत्त्वाचं. गोळा करत असेल तर चार कळपांचे आजार एकाच उबवणी यंत्रात एकत्र येतात.

ओळखीच्या छोट्या पालकाकडून घेण्यात एक मोठा फायदा आहे: पिल्लांचे आईबाप डोळ्यांनी दिसतात. त्याच्या खुराड्यापाशी दहा मिनिटं शांत उभं राहा. कुणी शिंकतंय का, कुणाच्या डोळ्यांत फेस आहे का, शेपटीखालची पिसं विष्ठेने चिकटलेली आहेत का, एखादी कोंबडी लंगडते का, हे पाहा. घरघर ऐकायला संध्याकाळी पक्षी खुराड्यात बसल्यावर जावं. दिवसाच्या गोंगाटात ती ऐकू येत नाही. कोंबडा किती वर्षांत बदललेला नाही, हेही विचारा. तोच कोंबडा आपल्याच लेकींवर वर्षानुवर्षं राहिला तर अंडी कमी उबतात आणि पिल्लं अशक्त निघतात. अशा पालकाकडे मरेक या विषाणूजन्य आजाराची लस बहुधा दिलेली नसते, आणि हा या पर्यायाचा खरा कच्चा दुवा आहे.

दुकानातून घेताना पिल्लं कुठल्या हॅचरीची आणि कोणत्या दिवशी आली, हे विचारा. दोन वेगवेगळ्या खेपा एकाच पिंजऱ्यात दिसल्या तर परत फिरा. पाण्याचं भांडं शेवाळलेलं, बसायची जागा ओली आणि पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढलेली असतील, तर ती घरी आणून सुधारतील या आशेवर राहू नये.

बाजारातली टोपलीतली पिल्लं आणि विशेषतः रंगवलेली पिल्लं टाळा. ती बहुतांशी लेअर वाणाचे नर असतात, म्हणजे हॅचरीला नको असलेला माल. रंगामुळे बेंबी आणि शेपटीखालची जागा नीट तपासता येत नाही.

उबेची व्यवस्था जमणार नसेल तर बारा ते सोळा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, घेता येतात. महाग पडतात, पण सगळ्या माद्या असतात आणि जवळपास विसाव्या आठवड्यात अंड्यावर येतात. मात्र जितके आठवडे त्या दुसरीकडे राहिल्या, तितके आठवडे तिथले जंतूही त्यांच्या संगतीत होते. घरी आधीच्या कोंबड्या असतील तर नव्या तलंगा ३० दिवस वेगळ्या ठेवा. रोज आधी जुन्यांचं काम उरकून मग नव्यांकडे जा, आणि चपला व भांडी वेगळी ठेवा.

विचारायचे प्रश्न आणि त्यांमागचं कारण

पहिला प्रश्न: ब्रीडर कळपाची पांढऱ्या हगवणीची, म्हणजे पुलोरमची, तपासणी झाली आहे का? हा जीवाणू आईच्या अंडाशयात दडतो आणि थेट अंड्यात उतरतो. आई धडधाकट दिसते आणि पिल्लं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत भराभर मरतात. तपासणी साधी आहे. छोट्या पांढऱ्या फरशीवर रंगीत अँटिजेनचा (मारलेल्या त्याच जीवाणूंच्या रंगवलेल्या द्रावाचा) एक थेंब टाकतात, कोंबडीच्या पंखातल्या शिरेतून रक्ताचा छोटा थेंब घेऊन त्यात मिसळतात आणि फरशी हळूहळू हलवतात. दोन मिनिटांच्या आत मिश्रणात गुठळ्या दिसल्या तर ती कोंबडी संशयित. इतकी सोपी तपासणी ज्याने केलेली नाही, त्याने पैसे वाचवले आहेत आणि धोका तुमच्या गळ्यात घातला आहे. श्वसनाचा आजार करणारा मायकोप्लाझ्मा हा जंतूही अंड्यातून येऊ शकतो. त्याचीही तपासणी झाली का, ते विचारा.

दुसरा प्रश्न मरेकच्या लसीचा. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये वर्णन केलेला हा विषाणूजन्य आजार कोंबडीच्या नसांवर हल्ला करतो आणि अंगात गाठी करतो. विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि धुळीत महिनोनमहिने टिकतो. म्हणून लस पिल्लू त्या धुळीत जायच्या आधी, जन्माच्या दिवशीच, मानेच्या कातडीखाली टोचावी लागते. काही हॅचऱ्या ती अठराव्या दिवशी अंड्यातच देतात. ‘घरी नेऊन टोचून घ्या’ हा सल्ला परवडणारा नाही. लसीची बाटली साधारण हजार मात्रांची येते आणि द्रावण तयार केल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी बाटली फोडली तर उरलेली फेकावी लागते. लस दिलेली असली तरी तिचा असर यायला एक-दोन आठवडे जातात, तेवढे दिवस पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून लांब ठेवा.

तिसरा प्रश्न ब्रीडर कोंबड्यांच्या वयाचा. नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबड्यांची अंडी लहान असतात आणि पिल्लाचं वजन अंड्याच्या साधारण दोन तृतीयांश भरतं. पन्नास ग्रॅमच्या अंड्यातून तेहतीस-चौतीस ग्रॅमचं पिल्लू निघतं. ते जगतं, पण थंडी आणि उपास त्याला कमी सोसतो. अशी पिल्लं लांबच्या प्रवासाला घेऊ नका.

उत्तरं पावतीवर लिहून घ्या: वाण, जन्मतारीख, दिलेल्या लसी. लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचं तोंडी उत्तर धरून चालू नये.

पिल्लू हातात घेऊन

पिल्लू हळूच उताणं ठेवा. तब्येतीने चांगलं पिल्लू तीन सेकंदांच्या आत उलटून उभं राहतं. मग पोट वर करून बेंबी पाहा. ती मिटलेली आणि कोरडी हवी. तिथे काळा ठिपका, लोंबणारा दोरा किंवा ओल असेल तर बेंबी नीट बंद झालेली नाही आणि त्यातून जंतू बलकात शिरतात. अशा पिल्लाचं पोट घट्ट फुगतं, वास येतो, आणि ते बहुधा पहिल्या आठवड्यातच जातं. पायाचा मागचा सांधा लाल असेल तर अंड्यातून बाहेर यायला पिल्लाला फार झगडावं लागलं. डोळे टपोरे, चोच सरळ, बोटं सुटी हवीत. शेपटीखाली विष्ठा सुकून चिकटलेली असेल तर ते पिल्लू बाजूला ठेवा. एका खोक्यात अशी बरीच निघाली तर पूर्ण खेपच नाकारा.

घरापर्यंतचा प्रवास

बलकावर तीन दिवस निघतात खरे, पण तो हिशेब काठावरचा आहे. एकाच यंत्रातली पिल्लं एकाच वेळी फुटत नाहीत. पहिलं आणि शेवटचं यांत २४ ते ३६ तासांचं अंतर पडू शकतं. म्हणजे खोका भरला तेव्हाच काही पिल्लं दीड दिवसाची झालेली असतात. त्यामुळे हॅचरीतून घरी यायला २४ तासांपेक्षा जास्त लागणार असतील तर जवळचा विक्रेता बघा, वाण थोडा कमी आवडीचा असला तरी.

थोडी पिल्लं असतील तर बाजूंना भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्या. तळाला खरखरीत कापड किंवा तूस घाला. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून ते दोन्ही बाजूंना फाकतात आणि पिल्लू पांगळं होतं. वाऱ्याचा थेट झोत आणि गाडीतलं कडक ऊन दोन्ही टाळा. पिल्लं आणायला निघण्याआधीच घरचा ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी जागा) पेटलेला हवा, पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस. पोचल्यावर प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा, मग खाद्य. रात्री चार-पाच पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपा. ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे.

पुढच्या खरेदीसाठी मरतुकीची नोंद

किती पिल्लं गेली यापेक्षा कधी गेली ते लिहून ठेवा, कारण दोष कुठला हे बऱ्याचदा दिवसावरून कळतं. पहिल्या तीन दिवसांत गेली तर उबवणी किंवा प्रवास तपासा. चौथ्या-पाचव्या दिवशी गेलेली पिल्लं बहुधा खायला शिकलीच नाहीत आणि बलक संपला. तिथे आपली भांडी, उजेड आणि ऊब पाहावी, विकणाऱ्याशी भांडू नये. दुसऱ्या आठवड्यापर्यंत पांढरी हगवण चालूच असेल तर बोट ब्रीडर कळपाकडे जातं. तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवण दिसली तर आपल्याकडचं ओलं तूस कारणीभूत असतं. आणि दोन-तीन महिन्यांच्या तलंगेचा एक पाय पुढे, एक मागे असा ताणला गेला, तर मरेकची लस खरोखर दिली होती का, हे पावती काढून विचारायची वेळ आली आहे.

नेमकं कारण हवं असेल तर मेलेलं पिल्लू त्याच दिवशी पिशवीत बंद करून थंड ठेवा, पण गोठवू नका, आणि पशुवैद्यांकडे शवविच्छेदनाला न्या. गोठवलं की आतले अवयव नीट वाचता येत नाहीत. एकाएकी बरेच पक्षी मेले तर मात्र कशालाही हात न लावता आधी पशुवैद्यकीय खात्याला कळवा. त्यात बर्ड फ्लूची शक्यता असते.