राउटर व्हीपीएन अडवतो तेव्हा: सेटिंगला हात लावण्यापूर्वीची तयारी
घरून कार्यालयाचे व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी इंटरनेटवरून होणारी सुरक्षित जोडणी) जोडले जात नसेल, तर दोष राउटरचाच आहे याची आधी खात्री करावी. तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून पाहावा. तेथे व्हीपीएन चालले आणि घरच्या वाय-फायवर चालले नाही, तर खाते, पासवर्ड व सर्व्हर बहुधा ठीक आहेत. पडद्यावर येणारा एररचा मजकूर वेळेसह जसाच्या तसा उतरवून घ्यावा.

मग व्हीपीएन कोणत्या प्रोटोकॉलवर (माहिती पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीवर) चालते हे आयटी विभागाला विचारावे, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर ठरते. यूडीपी व टीसीपी या माहिती वाहून नेण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांच्यापुढचा आकडा म्हणजे पोर्ट, म्हणजेच माहितीच्या वाटेचा क्रमांक. ओपनव्हीपीएन सहसा यूडीपी ११९४ वापरते, वायरगार्ड बहुतेकदा यूडीपी ५१८२०, तर आयपीसेकला राउटरमागून जाताना यूडीपी ५०० आणि ४५०० हे दोन्ही लागतात. जुन्या पीपीटीपीत टीसीपी १७२३ मोकळा असूनही भागत नाही. प्रत्यक्ष माहिती जीआरई या स्वतंत्र प्रोटोकॉलमधून जाते, त्याला पोर्ट क्रमांकच नसतो, आणि म्हणून राउटरमधील व्हीपीएन पासथ्रू (अशी माहिती राउटरमधून जाऊ देणारी सोय) बंद असल्यास जोडणी पासवर्ड तपासण्याच्या टप्प्यावरच अडकून पडते. पीपीटीपी आता सुरक्षितही मानले जात नाही, तेव्हा ते बदलण्याची विनंती याच वेळी करावी.

येथे एक चूक फार जण करतात. व्हीपीएन सर्व्हर कार्यालयात असताना घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी घरातल्या उपकरणाकडे वळवणे) करण्याची गरज नसते; तपासायचे असते ते बाहेर जाणाऱ्या माहितीवर फायरवॉलचे (नको ती माहिती अडवणाऱ्या सोयीचे) किंवा पालक-नियंत्रणाचे बंधन आहे का, हे.

घरच्या आणि कार्यालयाच्या नेटवर्कमधील उपकरणांचे आयपी पत्ते (ओळख क्रमांक) दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होत असतील, तर व्हीपीएन जोडलेले दिसते, पण फाइल सर्व्हर उघडत नाही. अशा वेळी घरची पत्तामालिका बदलावी लागते. मोडेमही राउटरचे काम करत असेल, तर त्याच्या सेटिंगचीही तपासणी ओघाने आलीच.

प्रत्यक्ष बदलांपूर्वी राउटरचा ॲडमिन पासवर्ड जवळ असावा आणि सध्याच्या सेटिंगचा बॅकअप लॅपटॉपवर उतरवलेला असावा. एका वेळी एकच बदल करून लगेच जोडणी तपासावी, आणि उपयोग न झाल्यास तो बदल मागे घ्यावा. फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवणे हा उपाय नव्हे. इतके करूनही यूडीपी अडतच असेल, तर टीसीपी ४४३ वरून जोडण्याची सोय आहे का, हे उतरवून ठेवलेल्या एररसह आयटी विभागाला विचारावे.