पाऊस लागायच्या आत गोठ्यात एक वही टांगा, दुधाचं सर्टिफिकेट तिथनंच सुरू होतंय

राम राम मंडळी. मृग तोंडावर आलाय, वैरण झाकायची, पत्रे बघायचे, सगळ्यांची गडबड चालूय, तरी पाच मिनिटं काढून हे वाचा.

हल्ली गावात कोण ना कोण येतंय आणि सांगतंय की गोठ्याचं सर्टिफिकेट काढा, दुधाला जादा दर मिळंल, एवढे एवढे पैसे भरा. पैसे देण्याआधी एवढं समजून घ्या. तुम्ही गावच्या सहकारी दूध संस्थेचे सभासद असाल आणि सगळं दूध संस्थेलाच घालत असाल तर तुम्हाला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा खात्याची) वेगळी नोंदणी लागतच नाही, कायद्यातच तशी सूट आहे. पण त्यातलं चार लिटर जरी कोल्हापुरात रतिबाला घालत असाल तर मात्र नोंदणी करा, ती ऑनलाईन स्वतःला करता येते. आणि पिशवीवर जो आयएसआय, क्वालिटी मार्क आणि कामधेनू गाय असा एकत्र लोगो असतो ती एनडीडीबी (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ) आणि बीआयएसची (मानकं ठरवणारं सरकारी खातं) योजना, २३ डिसेंबर २०२१ ला सुरू झालेली, ते सर्टिफिकेट दूध पिशवीत भरणाऱ्या प्लॅन्टला मिळतं, तुमच्या माझ्या गोठ्याला नाही. पण प्लॅन्टचं दूध कुठनं येतं? आपल्याच किटलीतनं. म्हणून खालचं सगळं आपल्या हातात आहे.

आता औषधाचं सांगतो, कारण बाकी सगळं एकीकडं आणि हे एकीकडं. तीन वर्षांमागं ऐन पावसात आमच्या एका म्हशीला दगडी (कासेला सूज) झाली, डॉक्टरांनी सडात सोडायला ट्यूबा दिल्या, तीन दिवस सोडल्या, चौथ्या दिवशी सड मऊ पडला, दूध पांढरंशुभ्र यायला लागलं. त्या दिवशी मी परगावी होतो, धार भावानं काढली, त्याला कुणी काय सांगितलेलंच नव्हतं, सगळं दूध एका किटलीत आणि किटली संस्थेत. घरी ठेवलेल्या दुधाला रात्री विरजण लावलं तर सकाळी दही लागलंच नाही, वहिनी म्हणाल्या विरजण खराब असंल, शेजारनं दुसरं आणून लावलं तरी तेच. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला, अँटिबायोटिक दुधात उतरलं की विरजणातले जंतूच वाढत नाहीत. आमचं दूध तर अख्ख्या गावाच्या दुधात मिसळून गेलेलं. ते कुणाच्या लेकराच्या पोटात गेलं असंल हा विचार अजून जात नाही.

त्या दिवसापासून आमचा नियम, उपचार चालू असलेल्या जनावराच्या मागच्या पायाला लाल रिबीन, आणि त्याची धार सगळ्यात शेवटी, वेगळ्या भांड्यात. दूध किती दिवस घालायचं नाही ते औषधाच्या लेबलवर असतं, वाचता येत नसंल तर डॉक्टरांकडनं वहीत लिहूनच घ्या. लेबलवर काही दिलंच नसंल तर आपल्या औषध नियमांत दुधासाठी कमीत कमी ७ दिवस सांगितलेत. दूध स्वच्छ दिसायला लागलं म्हणजे औषध उतरलं असं नसतं, इथंच आपण सगळे फसतो.

वही कसली? साधी दोनशे पानी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगलेली, आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल, कारण ओल्या हातानं पेनाची शाई पसरते. आमच्या वहीतली एक ओळ अशी आहे: १४ जुलै सकाळ, टॅगचे शेवटचे आकडे ३१०७, मागचा उजवा सड, औषधाचं नाव, बॅच नंबर, शेवटचा डोस कधी, दूध डेअरीला कधीपासून. बस्स. कानातला टॅग १२ आकडी असतो, त्याच नंबरावर सरकारी ॲपवर लसीकरणाची नोंद होते, म्हणून वहीतही नावापेक्षा नंबर लिहा. आयर्लंडमध्ये २०१३ पासून शाश्वत दुधाची योजना आहे, तिथं दर १८ महिन्यांनी ऑडिटर गोठ्यावर येतो, तोसुद्धा औषधाच्या नोंदी बघितल्याशिवाय जात नाही. आपल्याकडं उद्या कुणी विचारायला आलं तर मागच्या दोन वर्षांचं एका रात्रीत लिहिता येणार आहे का?

दुसरं, बुरशी. आपल्याकडं पावसाळ्यात पोत्याला हात लावला तरी ओलसर लागतं. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मक्याचा भरडा, ह्याला बुरशी धरली की त्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष जनावराच्या पोटातनं दुधात उतरतं, आणि दूध उकळलं तरी ते जात नाही. दुधात त्याची मर्यादा किलोला फक्त ०.५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तर पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा, भिंतीपासनं फूटभर लांब, आणि चार महिन्यांची पेंड एकदम भरू नका, पंधरा दिवसांची आणा, भाड्याचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील. पिंजर (भाताचा पेंढा) भिजून काळी पडली असंल तर ती खाली अंथरायलाही नको, गरीब जनावर भूक लागली की तेच खातंय.

धारेचं सगळ्यांना माहीत असतं पण चिखलाच्या दिवसात नेमकं तेच राहतं. कास धुवा, पण धुऊन कोरडी पुसा, प्रत्येक जनावराला वेगळं फडकं. पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर सोडून बघा, गुठळी दिसली की समजा सुरुवात झाली. धार झाली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच पुढ्यात वैरण टाका, म्हणजे जनावर अर्धा तास तरी उभं राहतंय, तेवढ्या वेळात सडाचं तोंड मिटतं, नाहीतर ते बसतंय चिखलात आणि जंतू सरळ आत. किटली स्टीलची, गरम पाण्यानं आणि पावडरनं धुऊन पालथी घातलेली. आणि दूध लवकर संस्थेत पोचवा, बल्क कूलरमध्ये ४ अंशाला गेलं की जंतूंची वाढ दबते, पण तिथवर जे जंतू वाढले ते थंड करून कमी होत नाहीत.

शाश्वत म्हणजे काय विचाराल तर आपल्यासाठी पहिल्यांदा शेण आणि पाणी. उकिरडा ओढ्याकाठी असंल तर पहिल्या मोठ्या पावसात सगळं खत ओढ्यात आणि पुढं पंचगंगेत, आपलं नुकसान आणि खालच्या गावांना तेच पाणी. आत्ताच भोवतीनं बांध घाला, वर ताडपत्री टाका. चार-पाच मोठी जनावरं असतील तर बायोगॅसचा जरूर विचार करा, २ घनमीटरच्या प्लॅन्टला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, घरचा गॅस निघतो आणि उरलेली शेणाची स्लरी उसाला. सोसायटीत चौकशी करा, अनुदानाच्या योजना येत असतात.

सेंद्रिय दुधाचं थोडक्यात, नुसतं देशी गाय आहे म्हणून सेंद्रिय लिहिता येत नाही, एनपीओपी (केंद्राचा सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएसचं (शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांची तपासणी करायची पद्धत) प्रमाणपत्र लागतं. पीजीएसला किमान ५ शेतकऱ्यांचा गट करावा लागतो, म्हणून आधी गावातली पाच माणसं जमवा, मग बाकीचं.

आणि घटसर्प, फऱ्याची लस अजून टोचली नसंल तर ह्याच आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि पाऊस थांबणार नाही. लाळ्या खुरकूतची सहा महिन्यांनी असते, मागची कधी झाली ते बघा. ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची (गाभ टाकायच्या रोगाची) लस एकदाच असते, ते वय निघून गेलं की राहिलं. टोचून आलात की तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.