कॉन्ट्रास्टचा आलेख काढण्याआधी पडदा मोजा

पुण्यात फिजिक्स, बायॉलॉजी किंवा इंजिनिअरिंग करून दृष्टीच्या चेताविज्ञानाकडे वळणाऱ्यांना एक वाक्य तोंडपाठ असतं: मॅग्नो पेशींना थोडा कॉन्ट्रास्ट पुरतो, पार्व्होंना जास्त लागतो. मॅग्नो आणि पार्व्हो हे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवरच्या पेशींचे दोन मुख्य गट, आणि कॉन्ट्रास्ट म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक. वाक्य खरं आहे. पण ते आपल्या डेटात दिसायला पडदा आणि गणित दोन्ही चोख लागतात, आणि घोळ बहुतेक वेळा पडद्यावरच होतो.

मॉनिटरला दिलेला आकडा आणि बाहेर पडणारा प्रकाश सरळ प्रमाणात नसतात, साधारण २.२ या घातांकाने वाढतात. ही गॅमा दुरुस्त न करता १२८ च्या वरखाली ६४ अशी ग्रेटिंग (उजळ-गडद पट्ट्यांची आकृती) काढलीत, तर कॉन्ट्रास्ट ५० टक्के आहे असं वाटतं, प्रत्यक्षात तो ८४ च्या आसपास असतो. १० टक्के समजून दाखवलेली ग्रेटिंग २२ टक्क्यांची निघते. आता पूर्णपणे रेषीय प्रतिसाद देणारी पेशी घ्या: तिचा आलेखसुद्धा सुरुवातीला झपकन चढून वर सपाट होताना दिसेल. म्हणजे पार्व्हो पेशी मॅग्नोचं सोंग घेते, आणि दोष सगळा पडद्याचा असतो.

फोटोमीटर नसेल तर बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास बीपीडब्ल्यू ३४ सारखा फोटोडायोड शोधा. मल्टीमीटर व्होल्टवर लावू नका. उघड्या टोकांवरचं व्होल्टेज प्रकाशाच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतं. मायक्रोअँपिअरवर ठेवा, करंट प्रकाशाच्या प्रमाणात मिळतो. मॉनिटर अर्धा तास तापू द्या, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि नाइट मोड बंद करा, खोलीत अंधार करा आणि ० ते २५५ मध्ये सोळा-सोळाच्या पायऱ्यांनी नोंदी घ्या. त्यावरून उलटा तक्ता बनवा, म्हणजे हवा तेवढा प्रकाश मिळायला कोणता आकडा द्यायचा ते कळेल. एवढं करूनही ८ बिटच्या पडद्यावर साधारण एक टक्क्याच्या खाली नीट उतरता येत नाही, हे ध्यानात असू द्या. राखाडी ग्रेटिंगसाठी हा डायोड पुरतो, रंगांसाठी नाही.

कॉन्ट्रास्टच्या पायऱ्या दुपटीने घ्या: १, २, ४, ८ असं करत ६४ पर्यंत. क्रम उलटसुलट ठेवा आणि मध्येमध्ये कोरा राखाडी पडदा दाखवा. मॅग्नो पेशी जास्त कॉन्ट्रास्ट बराच वेळ पाहिल्यावर मंदावतात, पार्व्हो फारशा नाहीत. चढत्या क्रमाने दाखवलंत तर हा फरक आलेखात मिसळून जातो. एलजीएन म्हणजे डोळा आणि मेंदूचा दृष्टिभाग यांमधलं थॅलॅमसमधलं केंद्र; तिथल्या पेशींसाठी सरासरी स्पाइक-दर (सेकंदाला किती विद्युत ठोके) पाहू नका. सरकत्या ग्रेटिंगबरोबर दर वरखाली होतो आणि कमी कॉन्ट्रास्टला सरासरी जागची हलत नाही. ग्रेटिंगच्या वारंवारतेवरचा फूरिये घटक काढा, म्हणजे त्या तालावर दर किती वरखाली होतो ते.

मग येतं नाका-रश्टन समीकरण, जे कॉन्ट्रास्टबरोबर प्रतिसाद कसा चढतो आणि वळतो हे तीन आकड्यांत सांगतं: कमाल प्रतिसाद, अर्ध्या प्रतिसादाचा कॉन्ट्रास्ट आणि घातांक. मॅग्नो पेशीला हे छान बसतं, कारण तिचा आलेख लवकर वळतो. पार्व्हो पेशी मात्र १०० टक्क्यांपर्यंत चढतच राहते. अशा वेळी अर्ध्या प्रतिसादाचा कॉन्ट्रास्ट १४० टक्के वगैरे येतो. असा आकडा तक्त्यात भरू नका. आलेख वळलाच नसेल तर कमाल आणि अर्धबिंदू वेगवेगळे ठरवण्याइतकी माहितीच डेटात नसते. एक वाढवा, दुसराही वाढतो, वक्र तोच राहतो. अशा पेशीचा फक्त सुरुवातीचा चढ घ्या, म्हणजे दर टक्का कॉन्ट्रास्टमागे सेकंदाला किती स्पाइक वाढतात. हा चढ दोन्ही गटांत बेधडक तोलता येतो. कॅप्लान आणि शॅप्ली यांनी १९८६ मध्ये हाच चढ वापरून दाखवलं की मॅग्नोला जोडलेल्या दृष्टिपटलाच्या पेशींचा गेन (म्हणजे हाच चढ) पार्व्होच्या कित्येक पट असतो.

कॉन्ट्रास्ट वाढला की मॅग्नो पेशीचा प्रतिसाद वेळेतही पुढे सरकतो; त्यामुळे फूरिये घटकाची फेजही (चक्रात प्रतिसाद कधी येतो ते) जपून ठेवा. पार्व्होत हे जवळपास दिसत नाही. पेशी कोणत्या गटातली हे ठरवताना एकट्या चढापेक्षा चढ आणि फेज ही जोडी जास्त भरवशाची, असं आमचं मत आहे.

म्हणून पार्व्होंना दुय्यम मानणं मात्र चूक. काळ्या-पांढऱ्या ग्रेटिंगवर त्यांचा पुरता कस लागत नाही. समान उजेडाच्या लाल-हिरव्या पट्ट्या दाखवा, मग बघा. शिवाय एलजीएनमध्ये सुमारे ८० टक्के पेशी त्यांच्या आहेत. माकडांत पार्व्हो थर निकामी केल्यावर दृष्टीची तीक्ष्णता तर घटलीच, पण स्थिर किंवा हळू बदलणाऱ्या आकृत्यांचा कॉन्ट्रास्ट ओळखणंही बरंच खालावलं. एकेक पेशी कमी संवेदनशील असली, तरी त्यांचा समुदाय तसा नसतो.

एलजीएनच्या मुख्य थरांच्या मधल्या कोनिओ पेशींना तिसरा एकजिनसी गट समजून सरासरी काढू नका. त्यांत निळ्या शंकूंना जोडलेल्या पेशी आहेत आणि अगदी वेगळ्या वागणाऱ्याही. व्ही१ मध्ये, म्हणजे मेंदूच्या पहिल्या दृष्टिभागात, पोचल्यावर कॉम्प्लेक्स पेशींसाठी (पट्ट्या नेमक्या कुठे आहेत याची फारशी पर्वा न करणाऱ्या) सरासरी दर घ्यायचा, सिंपलसाठी फूरिये घटक. दोन्ही आकडे दर पेशीमागे साठवा, त्यांचं गुणोत्तर पाहूनच पेशी सिंपल की कॉम्प्लेक्स ते ठरवा.