माणदेशी मटण आखातात: पहिला ग्राहक चालू असतानाच दुसरा कसा तयार करायचा

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव. या पट्ट्यात माडग्याळ आणि दख्खनी मेंढ्या, उस्मानाबादी शेळ्या मुबलक आहेत आणि त्या सांभाळणारे हातही आहेत. आठवड्याला दोन-तीनशे जनावरं गोळा करणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीला किंवा व्यापाऱ्याला निर्यात आवाक्याबाहेर नाही. बहुतेक जण मात्र एकाच देशातल्या एकाच खरेदीदाराच्या जोरावर उतरतात आणि तो थांबला की धंदाच थांबतो.

सुरुवात परवान्यांपासून करू नका. आधी कागद-पेन्सिल घेऊन उलटा हिशेब मांडा. खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला. समजा खरेदीदार मुंबई विमानतळापर्यंत पोचवलेल्या शीत (थंड केलेल्या, न गोठवलेल्या) धडाच्या किलोला ८ डॉलर देतो आणि डॉलर ८५ रुपये आहे. म्हणजे हातात ६८०. त्यातून कत्तल आणि शीतकरणाची मजुरी ४५, कापडी जाळी आणि लेबल १५, जनावरांची वाहतूक व मरतूक २०, रीफर (शीत) गाडी १५, दाखले आणि क्लिअरिंग १५, व्याज व बँक १० असे १२० वजा करा. राहिले ५६०. मुंडी, पाय, वजडी आणि कातडं इथेच विकून धडाच्या किलोमागे ६० सुटले, तर ६२०. आता उतारा धरा. सोललेलं धड जिवंत वजनाच्या ४६ टक्के आणि थंड होताना २ टक्के घट, म्हणजे जवळपास ०.४५. ६२० गुणिले ०.४५ म्हणजे जिवंत किलोला २७९ रुपये. बाजारात याहून जास्त भाव असेल तर त्या आठवड्यात माल पाठवू नका.

या हिशेबात नेहमी चुकते ती एकच गोष्ट. ४६ टक्के उतारा कत्तलखान्यात उपाशी ठेवलेल्या जनावराच्या वजनावर असतो आणि खरेदी होते बाजारातल्या भरल्या पोटावर. जत भागातून मुंबईकडे चारशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास आणि वर उपास, एवढ्यात ६ टक्के वजन सहज जातं. ते धरलं तर उतारा ०.४२च्या आसपास येतो आणि परवडणारा भाव २६३ वर उतरतो. २८ किलोच्या ३०० जनावरांवर हा फरक सव्वा लाखाहून जास्त आहे. म्हणून एक लॉट दोनदा तोला, एकदा भरताना आणि एकदा कत्तलखान्यात. स्वतःचा आकडा हाती आल्याशिवाय भाव कळवू नका.

स्थानिक भावाला ताप येतो तो बकरी ईदच्या आधी. ही ईद दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीचा तक्ता यंदा जसाच्या तसा चालत नाही. ईदआधीच्या पाच-सहा आठवड्यांचा माल करारात बांधून घेऊ नका. त्या काळात निर्यातीसाठी बोकड घेणं म्हणजे स्वतःच्याच खिशातून आखाताला सवलत देणं.

मग देश निवडा. भारताच्या मांस निर्यातीत मोठा वाटा म्हशीच्या मांसाचा आहे. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त ही त्याची गिऱ्हाइकं. शेळी-मेंढीचं मटण मुख्यतः आखातात जातं: संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, सौदी. अमेरिका आणि युरोपीय संघ सोडून द्या, कारण कच्चं मांस पाठवण्यासाठी भारत त्यांच्या परवानगीच्या यादीत नाही. म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने लावलेल्या ५० टक्के शुल्काचा घाव कोळंबीवर बसला, मटणावर थेट बसला नाही. आपल्या मालाला धोका वेगळीकडून येतो: लाळ्या-खुरकूत किंवा पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाच्या बातमीनंतर आयातबंदी, विमानांची टंचाई आणि खरेदीदाराचं थकलेलं बिल.

पहिला बाजार अमिरातीचा ठेवा. तिथे उड्डाणं जास्त आणि भारतीय गिऱ्हाईकही जास्त. दुसरा कतार किंवा कुवेत घ्या आणि त्याचं काम पहिल्याची तिसरी खेप जाण्याआधीच सुरू करा. लेबल मंजुरी, दाखल्याचा मसुदा, नमुना तपासणी यांत महिने जातात. सौदीत तर आपला कत्तलखाना तिथल्या अन्न प्राधिकरणाच्या मंजूर यादीत असावा लागतो. त्यामुळे जॉबवर्कसाठी, म्हणजे मजुरी देऊन माल कापून घेण्यासाठी, कत्तलखाना निवडताना पहिला प्रश्न मजुरीचा नको. 'कोणकोणत्या देशांची मंजुरी आहे आणि कधीपर्यंत?' हे विचारा आणि मंजुरीची प्रत मागा.

स्वतःचा कत्तलखाना उभारायच्या भानगडीत पडू नका. निर्यात अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेकडे नोंदणी असलेल्या कत्तलखान्यातूनच होते, तेव्हा तिथे जॉबवर्क करा. तुम्हाला लागेल तो आयात-निर्यात कोड, अपेडाचं सदस्यत्व आणि अन्न परवाना. कोड दरवर्षी एप्रिल ते जून या काळात ऑनलाइन अद्ययावत करावा लागतो. विसरलात तर तो निष्क्रिय होतो आणि नेमका माल विमानतळावर असताना हे कळतं. हलालचं बघा: १६ ऑक्टोबर २०२४ पासून आखातासह १५ देशांना 'हलाल प्रमाणित' म्हणून मांस पाठवायचं तर ते क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या आय-कॅस हलाल योजनेखाली प्रमाणित झालेल्या ठिकाणीच तयार झालेलं हवं. कत्तलखान्याच्या प्रमाणपत्राची मुदत स्वतः वाचा.

कत्तलखान्याची रोजची क्षमता विचारताना डॉक्टर किती आहेत तेही विचारा. २००१ च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे एक पशुवैद्य तासाला १२ आणि दिवसाला ९६ हून जास्त जनावरं तपासू शकत नाही. ३०० जनावरांना चार डॉक्टर लागतात. दोनच असतील तर तुमचा एक तृतीयांशाहून जास्त लॉट दुसऱ्या दिवसावर जाईल आणि विमान चुकेल.

आता वाड्यावरची तयारी. मालाची खरी परीक्षा इथेच होते. प्रत्येक जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला हवा आणि वहीत बिल्ला, वजन, दात, पीपीआर लसीची तारीख आणि शेवटचं औषध. लाँग ॲक्टिंग ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिलं असेल तर कत्तलीआधी साधारण २८ दिवस थांबा. जंतनाशक आणि इतर औषधांसाठी बाटलीवरचा कालावधी पाळा. मेंढपाळ 'परवा टोचलं होतं' असं सांगतो तेव्हा ते आठ दिवसही असतात आणि महिनाही, म्हणून तोंडी हिशेबावर जाऊ नका. खरेदीच्या दिवशी रिकामी बाटली दाखवायला सांगा.

लॉट वजनाने वेगळे करा. खरेदीदाराला १० ते १३ किलोची धडं हवी असतील तर बाजारातल्या वजनाने २४ ते ३० किलोची जनावरं घ्या. एका लॉटमध्ये ९ किलोचं आणि १६ किलोचं धड गेलं की दुकानदाराच्या हुकवर ते वेगळं दिसतं आणि पुढच्या खेपेला भाव पाडला जातो. दुधाचे दात असलेले आणि दोन दाती हेही वेगळे ठेवा. मेंढी आणि शेळी एकत्र करण्याची चूक सगळ्यात महागात पडते. आपल्याकडे बोल्हाईचं (मेंढीचं) मटण वेगळं हे खाणाऱ्याला माहीत असलं तरी बाजारात दोन्ही 'मटण'च. तिकडे कागदावर प्राणी वेगळा लिहिलेला असतो. सोललेलं धड ओळखायला शेपटीचा तुकडा राखा, लेबलवर प्राण्याचं नाव लिहा आणि दोन्हींचे लॉट वेगळ्या दिवशी कापा.

वाहतुकीत घाई नको. साडेचार-पाच टनी ट्रकात ४० हून जास्त शेळ्या-मेंढ्या भरायच्या नाहीत, असा १९७८ च्या नियमांत दंडक आहे. रात्रीचा प्रवास, उतरल्यावर पाणी आणि विश्रांती. थकलेल्या जनावराच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपलेलं असतं. मग कत्तलीनंतर पुरेसं आम्ल तयार होत नाही, मांस काळपट आणि चिकट राहतं आणि लवकर खराब होतं. कत्तलीनंतर २४ तासांनी पाठीच्या स्नायूत पीएच (आम्लता) तपासा. ५.५ ते ५.८ म्हणजे उत्तम. ६ च्या वर गेलेलं धड शीत निर्यातीत घालू नका, ते वेगळं काढून इथेच विका.

थंड करण्यात उलटी चूक होते. मेंढीचं धड लहान आणि पातळ असतं. ते लगेच शून्याजवळ नेलं तर स्नायू आखडतात आणि शिजवलं तरी मांस वातड राहतं. पहिले आठ-दहा तास १० ते १५ अंशांवर ठेवा, मग हळूहळू ० ते ४ वर आणा. भरण्याआधी मांडीच्या जाडीत, हाडाच्या बाजूला थर्मामीटर खुपसून ४ अंशांच्या खाली आहे का बघा. वरून थंड लागलं म्हणून भुलू नका. रीफर गाडी माल चढवण्याआधी दोन तास रिकामी चालवून गार करा आणि तापमान नोंदवणारं यंत्र दाराकडच्या मागच्या रांगेत ठेवा, पुढे थंड हवेच्या झोताशी नाही.

उड्डाण रद्द झालं तर काय? २३ जून २०२५ ला कतारसह काही आखाती देशांनी काही तासांसाठी हवाई हद्द बंद केली होती. शीत धडांना एवढा उशीरही भारी पडतो. म्हणून कत्तलखान्याशी करारातच लिहून घ्या: २४ तासांत माल निघाला नाही तर तो उणे १८ अंशांपर्यंत गोठवून ठेवायचा. त्याच वेळी गोठवलेल्या मटणाचा एक खरेदीदारही ठरवून ठेवा. गोठवलेला माल न्हावा शेवाहून जहाजाने जातो. दुबईच्या जेबेल अलीचा मार्ग होर्मुझमधून आहे, तर जेद्दा तांबड्या समुद्रावर. २०२३च्या अखेरपासून तिथे जहाजांवर झालेल्या हल्ल्यांनी भाडी आणि वेळापत्रकं दोन्ही विस्कटली. दोन्ही बंदरांना एकच भाडं धरून भाव देऊ नका.

पैशांचं सांगायचं तर पहिल्या तीन खेपा निम्मे पैसे आगाऊ, बाकी बँकेतून मालाचे कागद सोडवताना. त्यानंतर पतपत्र (एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची हमी) घ्या आणि त्यात माल '३०० धडं' असा नव्हे, किलोत लिहून घ्या. किलोत असेल आणि पतपत्रात वेगळी अट नसेल, तर यूसीपी ६०० या पतपत्रांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे ५ टक्के कमी-जास्त चालतं, रक्कम मात्र पतपत्राच्या वर जाता कामा नये. नगांत लिहिलं तर दोन धडं बाद झाली तरी बँक कागद परत करू शकते. ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीचा विमा खरेदीदाराचं दिवाळं आणि आयातबंदीसारख्या राजकीय जोखमीसाठी असतो. मालाच्या दर्जावरून वाद झाला तर तो कामी येत नाही. एका खरेदीदाराकडे निम्म्याहून जास्त माल जाऊ देऊ नका, मग तो कितीही गोड बोलो.

पहिली खेप ५०० किलोची ठेवा. माल उघडताना हुकवरचं प्रत्येक धड, बिल्ल्याचा क्रमांक आणि तापमानाचा आलेख यांचे फोटो सहा तासांत पाठवायची अट खरेदीदाराकडून लिहून घ्या. त्यानंतर आलेली तक्रार मान्य करायची नाही, हेही त्याच कागदावर असू द्या.