रेखाटलेले पात्र निंजा वाटावे यासाठी कोणत्या खुणा निवडाव्यात

निंजाचे पात्र रेखाटायला बसले की एक पेच सुरुवातीलाच समोर येतो. ज्या माणसाचे कामच मुळी ओळखू न येणे हे होते, तो चित्र पाहणाऱ्याला मात्र पहिल्या नजरेत ओळखू आला पाहिजे. हा पेच न सोडवता काळे कपडे, तोंडावर फडके, पाठीवर तलवार आणि हातात चांदणीसारखे शस्त्र एवढे सगळे एकदम अंगावर चढवले, तर पात्र निंजा वाटते खरे, पण ते कोणीतरी भाड्याने आणलेला पोशाख घातल्यासारखे दिसते. म्हणून खुणा गोळा करण्याआधी आपला निंजा नक्की कोणता, हे ठरवावे.

जपानमधील इगा आणि कोका, म्हणजे आजच्या मिए आणि शिगा या प्रांतांतील मुलूख, तेथील शिनोबींसाठी, म्हणजे आज ज्यांना आपण निंजा म्हणतो त्यांच्यासाठी, प्रसिद्ध होते. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील युद्धकाळात हेरगिरी करणे, रात्री किल्ल्यात शिरणे आणि आग लावून गोंधळ माजवणे ही त्यांची कामे होती. १६८१ सालच्या ‘शोनिन्की’ या ग्रंथात त्यांच्यासाठी सात सोंगे सांगितली आहेत: बासरी वाजवत फिरणारा कोमुसो, बौद्ध भिक्षू, डोंगरात साधना करणारा यामाबुशी, व्यापारी, रस्त्यावर खेळ करणारा, नाटकातला नट आणि अगदी साधा माणूस. या सातांत काळा बुरखाधारी कोठेही नाही. तो आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः रंगमंचावरून आणि छापील चित्रांतून. काबुकी नाटकात रंगमंचावरील सामान हलवणारे सेवक, ज्यांना कुरोको म्हणतात, डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घालतात आणि ते दिसतच नाहीत असे प्रेक्षकांनी धरून चालायचे असते. अदृश्य माणूस दाखवण्याचा हाच संकेत निंजाच्या वाट्याला आला असे मानले जाते. होकुसाई या जपानी चित्रकाराच्या रेखाटनसंग्रहाच्या १८१७ साली निघालेल्या भागात काळ्या वेषात दोरावरून चढणारा माणूस दिसतो, म्हणजे तोवर हे रूप चित्रकारांच्या हाती आलेले होते.

तेव्हा पहिला निर्णय असा, की आपण रंगमंचावरचा निंजा काढत आहोत की सोंग घेतलेला शिनोबी. दोन्ही योग्य आहेत, पण त्यांच्या खुणा वेगळ्या आहेत. पहिल्यात वेष बोलतो. दुसऱ्यात वेष खोटे बोलतो आणि एखादीच वस्तू खरे सांगते.

रंगमंचावरचा निंजा काढायचा असेल, तर सुरुवात छायाकृतीपासून करावी. आतले काहीही न रेखाटता पूर्ण आकृती एका सपाट रंगाने भरून पाहावी. सामुराईची छायाकृती खाली रुंद होत जाते, कारण त्याची हाकामा, म्हणजे कमरेखालचे वस्त्र, सैल आणि घेरदार असते, कमरेशी दोन तलवारींची टोके बाहेर येतात आणि डोक्यावर केसांची शेंडी दिसते. निंजाची छायाकृती याच्या नेमकी उलट, ठिकठिकाणी आवळलेली असते. मनगट, कंबर, गुडघ्याखाली पोटरी आणि घोटा येथे कापड बांधलेले असते आणि या बांधणींच्या मध्ये ते किंचित फुगते. माझ्या मते काळ्या रंगापेक्षाही हे ‘बांधलेपण’ निंजाची अधिक भरवशाची खूण आहे, कारण रंग बदलला तरी ती टिकते आणि हा माणूस चढणार, रांगणार, कोठेही अडकू नये अशा बेताने तयार होऊन आला आहे, हे ती न सांगता सांगते.

डोक्याकडे मात्र सवडीने पाहावे. मुखवटा आणि गुंडाळलेले कापड यांतला फरक येथेच कळतो. नवशिक्याच्या चित्रात डोळ्यांची फट बहुधा सरळ आयताकृती असते आणि त्यामुळे चेहऱ्यावर टोपी ओढल्यासारखी वाटते. खऱ्या कापडाची वरची कड कपाळावरून कानांकडे थोडी उतरत जाते. खालची कड नाकाच्या उंचवट्यावर वर उचलली जाते आणि दोन्ही गालांवर खाली येते. नाकाच्या शेंड्यापासून जबड्याकडे दोन-तीन ताणाच्या रेषा जातात, हनुवटीखाली कापड सैल पडते आणि मानेमागे गाठ येते. त्या गाठीचे दोन पदर लहान ठेवावेत की लांब, हाही निर्णयच आहे. लांब पदर वाऱ्यावर उडाले की गती दिसते, पण लपणाऱ्याच्या मागे फडफडणारे कापड कशाला, हा प्रश्नही उरतो. मी स्वतः ते बोटभरच ठेवतो. फटीतून भुवया दिसू द्याव्यात. तोंड झाकलेले असल्याने सारा भाव त्यांनाच वाहायचा असतो आणि त्या झाकल्या तर पात्र मुके होते.

अंगरख्याच्या बाबतीत एक चूक मी बरीच वर्षे केली. किमोनो पद्धतीच्या वस्त्रात घालणाऱ्याची डावी बाजू उजवीच्या वर येते, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला गळ्याशी रोमन लिपीतील लहान ‘वाय’सारखा आकार दिसतो. उजवी बाजू वर घेऊन वस्त्र नेसवतात ते मृताला. रेखाटन तपासण्यासाठी ते आरशासारखे उलटवून पाहण्याची सवय आपल्याला असते. मी एकदा उलटवलेले चित्रच पुढे रंगवून पूर्ण केले आणि जिवंत योद्ध्याला प्रेताचा वेष चढवून बसलो. तेव्हापासून रंग भरण्याआधी गळ्याची घडी पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

पायांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. अंगठा वेगळा असलेला ताबी मोजा आणि त्याखाली गवताच्या पेंढ्याची वाराजी चप्पल, एवढे नीट काढले तरी पात्राचे पाऊल जपानच्या जमिनीवर पडते. जाड तळव्याचे बूट घातलेला निंजा आवाज करील असे पाहणाऱ्याला कळत नकळत वाटतेच.

शस्त्रांची गर्दी टाळावी. ज्याला निंजाची खास तलवार म्हणतात ती सरळ पात्याची, मूठ आणि पाते यांच्यामध्ये चौकोनी चकती असलेली तलवार जुन्या काळात होती याचा पुरावा मिळत नाही. तिचे हे रूप विसाव्या शतकात रूढ झाले. चित्रात ती वापरण्यास हरकत नाही, कारण खांद्यावरून डोकावणारी मूठ छायाकृतीत चटकन ओळखू येते, पण इतिहासाशी इमान राखायचे असेल तर साधी वक्र तलवार द्यावी. फेकायचे शुरिकेन चांदणीच्या आकाराचे असते तसे सळईसारखेही असते, आणि कुनाई हे मुळात खणण्या-उकरण्याचे अवजार आहे. यांपैकी एकच वस्तू हातात द्यावी आणि बाकीच्या नुसत्या सुचवाव्यात. छातीवर ओळीने टांगलेली शस्त्रे पाहून हा माणूस लपायला आलेला नाही असेच वाटते.

रंग निवडताना शुद्ध काळा बाजूला ठेवलेला बरा. काळ्या आकृतीत घड्या आणि बांधणी बुडून जातात आणि निळसर रात्रीच्या पार्श्वभूमीवर ती भोक पाडल्यासारखी दिसते. गडद निळा किंवा काळपट तपकिरी घेतला तर आकृती अंधारात मिसळते, शिवाय पोटरीवरच्या पट्ट्या दाखवायला एक छटा हाताशी उरते.

ठेवणीविषयी इतकेच, की वजन कोठे आहे हे आधी ठरवावे. निंजाचे वजन बहुधा मागच्या पायावर असते, पुढचा पाय जमीन चाचपत असतो, गुडघे वाकलेले असतात आणि डोके एका पातळीत पुढे सरकते. छाती काढून ताठ उभे केले की तेच कपडे पहारेकऱ्याचे होतात. बोटे गुंफून केलेली मुद्रा ही नऊ अक्षरांच्या मंत्राशी जोडलेली धार्मिक परंपरेतील खूण आहे. ती वापरलीच तर बोटे अभ्यासूनच काढावीत.

आता सोंग घेतलेल्या शिनोबीकडे वळू. येथे व्यापारी किंवा भिक्षू पूर्ण खरा दिसला पाहिजे आणि त्यात एकच भेग पडली पाहिजे. जुन्या ग्रंथांत शिनोबीने जवळ बाळगायच्या सहा वस्तू सांगितल्या आहेत: विणलेली टोपी, आकड्याचा दोर, दगडी लेखणी, औषध, सुमारे ९० सेंटिमीटर लांबीचे फडके आणि विस्तव नेण्याचे साधन. कोणत्याही वाटसरूजवळ सापडतील अशाच त्यातल्या बहुतेक वस्तू आहेत. वेगळा पडतो तो आकड्याचा दोर. व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून त्याचे टोक दिसू द्यावे, किंवा टोपीच्या कडेखालून त्याची नजर गिऱ्हाइकाऐवजी किल्ल्याच्या भिंतीवर रोखलेली दाखवावी. अशा चित्रात निंजा सापडायला क्षणभर वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा.

लाल वेषातील, उघड्या चेहऱ्याचा किंवा दूरच्या भविष्यकाळातील निंजा काढायचा असेल तर एका वेळी एकच खूण मोडावी. चेहरा उघडा केला तर बांधणी आणि ठेवण पक्की ठेवावी. रंग भडक केला तर चेहरा झाकलेला असावा. स्त्री-पात्रासाठी वेगळ्या खुणा शोधू नयेत. तिच्याही मनगटाला आणि पोटरीला तीच बांधणी हवी, कारण चढायची भिंत तीच आहे.

शेवटी चित्र अंगठ्याच्या नखाएवढे लहान करून पाहावे आणि एकेक खूण झाकत जावे: आधी शस्त्र, मग रंग, मग डोक्यावरचे कापड. जी झाकताच पात्र कोणीही वाटू लागते, ती त्या चित्राची खरी खूण होय. तेथली रेघ पुन्हा गिरवावी आणि जिच्या झाकण्याने काहीच बिघडले नाही ती पुसून टाकावी.