आधी महिना, मग देश: बडोद्यातून जग पाहायला निघताना

परदेश प्रवासाचा विषय निघाला की बडोद्यातील बहुतेक मराठी घरांत पहिला प्रश्न ‘कुठे जायचे’ हा असतो, आणि ‘कधी जायचे’ हा प्रश्न विमानाचे भाडे पाहायला बसल्यावर उपस्थित होतो. हा क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नोकरी, शाळा आणि सणवार यांमुळे आपल्याला मोकळे मिळणारे आठवडे आधीच ठरून गेलेले असतात. जगात पाहण्यासारखी ठिकाणे मात्र पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा स्वतःचा असा चांगला काळ असतो. त्यामुळे आपल्या सुटीत कोणते ठिकाण ऐन बहरात असेल ते शोधणे सोपे जाते. मनात भरलेल्या ठिकाणासाठी सुटी जुळवताना मात्र घरातल्या प्रत्येकाची ओढाताण होते.

सुरुवात भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून करावी आणि जे दिवस सोडता येणार नाहीत ते आधी खोडून टाकावेत. घरी गणपती बसत असेल तर भाद्रपदातील ते दिवस गेले. नवरात्रात गरबा सोडून बडोद्यातील तरुण मंडळी बाहेर पडणार नाहीत, मग तिकीट फुकट मिळत असले तरी. चौदा जानेवारीच्या उत्तरायणाला गच्ची सोडायला कोणी तयार नसते. एवढे वगळल्यावर शाळकरी मुले असलेल्या घराच्या हाती दोनच मोठे तुकडे उरतात: दिवाळीची सुमारे तीन आठवड्यांची सुटी आणि मे महिन्याची सुटी.

दिवाळीच्या सुटीत एक मेख आहे, ती म्हणजे दिवाळी सरकते. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तर २०२८ मध्ये १७ ऑक्टोबरला. या तीन आठवड्यांच्या फरकाने प्रवासाचे उत्तरच बदलते. जपानमधील क्योटो येथे मेपलची पाने लाल होतात ती साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, म्हणून दिवाळी उशिरा येते त्या वर्षीच सुटीच्या शेवटच्या आठवड्यात तो रंग पाहायला मिळण्याची शक्यता असते. उलट दिवाळी लवकर आली तर इजिप्तमधील अबू सिंबेल गाठता येते. तेथे दुसऱ्या रामसेसच्या मंदिरात २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यातील मूर्तींपर्यंत पोहोचतात. आस्वानच्या धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून हे डोंगरात कोरलेले मंदिर १९६४ ते १९६८ या काळात कापून उंचावर नेऊन पुन्हा जोडले गेले, हे लक्षात घेतले की त्या किरणांचे नवल दुप्पट होते. अर्थात त्या पहाटे गर्दीही तशीच असते, आणि गर्दी सोसत नसेल तर दोन दिवस मागेपुढे जाणे शहाणपणाचे.

इजिप्तला जायचे तर ऑक्टोबर ते एप्रिल हाच काळ धरावा. कमाटीबागेतील संग्रहालयात ममी पाहिलेल्या मुलांना पिरॅमिडचे वेड लागते आणि पालक उत्साहाने मे महिन्याची तिकिटे काढतात. पण लक्सर आणि आस्वान येथे तेव्हा पारा चाळीसच्या वर असतो आणि मंदिरांच्या उघड्या प्रांगणात सकाळी दहानंतर उभे राहवत नाही. मुलांचा हट्ट दिवाळीपर्यंत थोपवून धरावा. गिझाच्या पिरॅमिडजवळचे नवे भव्य संग्रहालय नोव्हेंबर २०२५ मध्ये औपचारिकरीत्या खुले झाले असून प्राचीन राजा तूतनखामुनच्या थडग्यातील वस्तू तेथे एकत्र मांडल्या आहेत. त्याला एक पूर्ण दिवस द्यावा, पिरॅमिड पाहून उरलेल्या दुपारी ते उरकू नये.

दिवाळी नोव्हेंबरमध्ये असेल तर मी मात्र सर्वांत आधी कंबोडियातील अंकोरचे नाव सुचवीन. पावसाळा नुकताच संपलेला असतो, झाडी हिरवी आणि खंदक भरलेले असतात. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बांधलेले अंकोर वाट मुळात विष्णूचे मंदिर आहे, आणि त्याच्या पूर्वेकडील ओवरीत समुद्रमंथनाचा जो शिल्पपट आहे त्यासाठी मी प्रवाशाला किमान एक तास राखून ठेवायला सांगेन. सुमारे एकोणपन्नास मीटर लांबीच्या या भिंतीवर डावीकडे ब्याण्णव असुर आणि उजवीकडे अठ्ठ्याऐंशी देव वासुकीला ओढताना कोरले आहेत. मध्यभागी विष्णू, त्याखाली पर्वत तोलून धरणारा कूर्म, आणि देवांच्या टोकाला शेपूट धरून उभा असलेला एक वानर. खालच्या पट्ट्याकडे वाकून पाहिले तर घुसळणीच्या रवीजवळ आलेले मासे आणि मगरी मधोमध चिरल्या गेलेल्या दिसतात. बहुतेक गट सूर्योदयाची छायाचित्रे काढून न्याहारीला परततात, नेमक्या त्याच वेळी पूर्वेच्या ओवरीत कोवळे ऊन येते, म्हणून न्याहारी पुढे ढकलावी. ज्या घरांत मुलांना दशावतार तोंडपाठ आहेत त्यांना वाटाड्याची गरज इतरांपेक्षा कमी भासते.

शेजारच्या व्हिएतनामबाबत सावध राहावे. हा देश उत्तर-दक्षिण लांबलचक असल्याने तेथे एकच ऋतू नसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हनोई आणि निन्ह बिन्ह प्रसन्न असतात, पण त्याच दिवसांत मध्य किनाऱ्यावरील होई आन या जुन्या बंदरात पुराचे पाणी रस्त्यांवर येण्याचा धोका असतो. यात्रा कंपनीच्या माहितीपत्रकावर कंदिलांनी उजळलेल्या गल्ल्यांचे जे चित्र असते ते पावसाळ्यातले नसते.

दिवाळीत निघण्याच्या तारखेबद्दल एक खास बडोद्याची सूचना. बेसतु वर्षापासून, म्हणजे गुजराती नववर्षापासून, लाभपंचमीपर्यंत गुजरातेतील पेढ्या आणि दुकाने बंद असतात आणि त्याच दिवसांत अहमदाबादहून सुटणाऱ्या विमानांचे भाडे सर्वाधिक चढते. आपल्याला भाऊबीज घरी करायचीच असते. मग आणखी दोन-तीन दिवस थांबून लाभपंचमीनंतर निघावे. लोक परतत असतात, आपण जात असतो आणि शाळेची सुटी अजून शिल्लक असते.

मे महिन्यात निवड करताना एक साधा नियम पाळावा: विषुववृत्ताच्या दक्षिणेला तेव्हा हिवाळ्याची चाहूल असते. जावा आणि बाली येथे मेपासून कोरडे दिवस सुरू होतात, म्हणून उन्हाळी सुटीसाठी मला इंडोनेशिया दुबईपेक्षा कितीतरी पटींनी सरस वाटतो. योग्यकर्ता या गावी मुक्काम केला तर नवव्या शतकातील दोन थोर स्मारके दोन बाजूंना सापडतात. बोरोबुदुर या बौद्ध स्तूपावर वरच्या थरांवर जाण्यासाठी ठरावीक वेळेचे वेगळे तिकीट असते, ते आगाऊ घ्यावे लागते. प्रंबनन येथील शिवमंदिर सत्तेचाळीस मीटर उंच असून त्याच्या कठड्याच्या आतल्या बाजूला रामायण कोरलेले आहे. त्याच मंदिरांच्या पार्श्वभूमीवर कोरड्या ऋतूत संध्याकाळी उघड्या रंगमंचावर रामायणाचे नृत्यनाट्य होते. बालीत अनेक जण जाऊन येतात आणि जावा राहूनच जाते, याचे मला दर वेळी आश्चर्य वाटते.

मे महिन्यात युरोपला जाणाऱ्यांनी अपेक्षा तपासून घ्याव्यात. स्वित्झर्लंडमध्ये बर्फ वितळत असल्याने लाउटरब्रुनेन खोऱ्यातील धबधबे भरून वाहतात, आणि ३,४५४ मीटरवरील युंगफ्राउयोख स्थानकापर्यंत रेल्वे नेहमीप्रमाणे जाते. मात्र उंचावरील अनेक घाटरस्ते आणि पायवाटा जूनपर्यंत बर्फाखाली असतात. हॉलंडमधील कॉयकेनहोफची ट्यूलिपची बाग मेच्या मध्यास बंद होते, तेव्हा ती पाहायची तर सुटी लागताच निघावे लागेल. उत्तर ध्रुवीय प्रकाशासाठी मे महिन्यात नॉर्वेला जाण्याचा बेत तर मुळातच फसवा आहे, कारण त्यासाठी अंधारी रात्र लागते आणि ट्रॉम्सो येथे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून सूर्य मावळतच नाही. याच महिन्यात इस्तंबूल उत्तम असते. जपानला जाणाऱ्यांनी एप्रिलअखेर ते ५ मे हा तेथील सुट्यांचा आठवडा टाळून, आणि जूनमधील पाऊस सुरू होण्यापूर्वी, मेचा उत्तरार्ध निवडावा.

श्रीलंका जवळ आहे आणि तिथे दोन मान्सून असल्यामुळे वर्षभर कुठला ना कुठला किनारा मोकळा सापडतो: डिसेंबर ते मार्च गॉलची बाजू, मे ते सप्टेंबर त्रिंकोमालीची.

निवृत्त जोडप्यांनी शाळांच्या सुट्या कटाक्षाने टाळाव्यात. फेब्रुवारीत इजिप्त किंवा अंकोर, मार्चअखेरीस जपानमधील चेरीचा बहर, आणि तब्येत साथ देत असेल तर जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात केनियातील मसाई मारा, जेथे रानगव्यांसारखे दिसणारे विल्डबीस्ट हजारोंच्या संख्येने मारा नदी ओलांडतात. केनियाला जाण्यापूर्वी पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होते. प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात राहावे लागू शकते, म्हणून ही गोष्ट शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये.

महिना आणि देश ठरला की निघण्याच्या तारखेपासून उलटे मोजत यावे. परतल्यानंतरही पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. मोठ्यांचे पासपोर्ट दहा वर्षांचे असतात, पण मुलांचे पाचच वर्षांचे, आणि नेमका तोच कागद ऐन वेळी संपलेला निघतो. युरोपातील बहुतेक देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला सामान्यतः पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत वाढू शकतात. त्याहून मोठी अडचण अर्ज देण्यासाठी व्हिसा केंद्रातील भेटीची वेळ मिळण्याची असते, म्हणून मेच्या प्रवासासाठी फेब्रुवारीत हालचाल सुरू करावी. ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडेच अर्ज करायचा असतो आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. बँकेचे खाते, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि पासपोर्ट यांवरील नावे अक्षरशः जुळतात की नाही हे आधी पाहावे. लग्नानंतर एका कागदावर बदललेले आणि दुसऱ्यावर तसेच राहिलेले आडनाव फार वेळ खाते.

किती दिवसांत किती पाहायचे, याबाबत मी हट्टी आहे. दहा दिवसांत एक देश आणि त्यातील दोन, फार तर तीन मुक्काम, एवढेच ठेवावे. ‘अकरा दिवसांत आठ देश’ अशा सहलीत रोज सकाळी बॅग भरण्यात आणि बसमध्ये बसण्यातच निम्मा प्रवास संपतो, आणि घरी आल्यावर कोणता चौक कोणत्या शहरातला हे छायाचित्रांवरूनही ओळखता येत नाही.

शाकाहारी मंडळींना इजिप्त अपेक्षेपेक्षा सोपा जातो: भात, मसूर, मॅकरोनी आणि तळलेला कांदा यांची कोशारी कुठेही मिळते, शिवाय वाटाणाभजीसारखी तामेया असते. जपानमध्ये मात्र भाजी दिसणाऱ्या पदार्थाच्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो, म्हणून आधी विचारून घ्यावे. थेपले आणि भडंग सोबत असावेच. पण ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला उतरताना प्रत्येक खाद्यवस्तू अर्जावर जाहीर करावी लागते, लपवल्यास जागेवरच दंड होतो.

बडोद्याहून निघताना बहुतेकांना अहमदाबादचे विमानतळ सोयीचे पडते, काहींना मुंबईचे. मुंबईचे भाडे पुष्कळदा कमी दिसते, तथापि त्यात रेल्वेचे तिकीट, टॅक्सी आणि पहाटेच्या विमानासाठी एका रात्रीचा मुक्काम मिळवून मगच तुलना करावी. अहमदाबादला द्रुतगती मार्गावरून दोन तासांत पोहोचता येते, पण मार्ग संपल्यावर शहरातील वाहतुकीचा भरवसा नसतो. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे असल्याने घरातून साडेपाच तास आधी गाडी काढावी, आणि पासपोर्ट मोठ्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत घ्यावेत.